गॅरेजातली ठासणीची बंदूक

सरळ रस्ता समोर दिसत असताना मुद्दाम आडरानात शिरणारा, आमच्या साडूइतका हट्टी माणूस अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना सापडणार नाही. हे मी रागानं लिहितो आहे आणि तसं लिहायचा मला पूर्ण अधिकार आहे. माझी गाडी चार हिवाळे बर्फात उभी राहिलेली आहे. ओहायोतल्या डब्लिन गावात जानेवारीच्या सकाळी ज्यानं गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडला आहे, त्याला माझा राग समजावून सांगायची गरज नाही. घराला चांगलं गॅरेज असताना मी तो खरवडत होतो, हे ऐकल्यावर तर तो माझ्या वतीनं चार शिव्या हासडेल. गॅरेजात काय होतं? मेपलच्या लाकडाची एक फळी होती. तिला थंडी सोसत नव्हती.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मूळचा नागपूरचा. दोन हजार एक साली कंपनीच्या व्हिसावर इकडे आला, सहा वर्षांच्या मुदतीनं. पुढे ग्रीन कार्डाचं बघू, असं सगळेच म्हणतात तसं तोही म्हणाला. येताना त्याच्या सामानात दगडी पाटा-वरवंटा होता. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं बॅग उघडायला लावली आणि हे काय आहे म्हणून विचारलं, तर हा शांतपणे म्हणाला, "मिक्सर." मिक्सर भारतीय दुकानात सगळीकडे मिळतात, अगदी आपल्याकडचे मिळतात, हे मी त्याला त्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "दादा, मिक्सरमध्ये मसाला फाटतो. वाटला जात नाही." आमच्या वास्तुशांतीला भटजींसाठी दोन पाट स्वतः करून देतो म्हणाला. खिळा वापरायचा नाही, स्क्रू तर नाहीच, लाकडात लाकूड बसलं पाहिजे. वास्तुशांत झाली, भटजी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मंत्र म्हणून गेले, वर्ष उलटलं आणि मग एका रविवारी हा दोन पाट काखोटीला मारून दारात उभा. पाट अतिशय सुंदर होते. त्याच्यावर धड रागावताही येत नाही, याचाच मला सर्वांत जास्त राग येतो.

बंदुकीचं प्रकरण शेंगांवरून सुरू झालं. त्याच्या अपार्टमेंटला अंगण नव्हतं, म्हणून त्याची शेती माझ्या परसात चाले. त्यानं पोपटाचे वेल लावले होते. पोपट म्हणजे वालाचाच नागपुरी भाऊ. त्या शेंगांच्या भाजीवाचून यांचा हिवाळा साजरा होत नाही. बी कुठून कुठून मिळवलं, मांडव घातला, रोज ऑफिसातून परस्पर माझ्याकडे येऊन वेलांशी गप्पा मारल्या. शेंगा भरत आल्या आणि एका सकाळी मांडवावर नुसते दोरे लोंबत होते. डब्लिनमध्ये हरणं आपल्याकडच्या गायींसारखी रस्त्यानं हिंडतात, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. लोक जाळी लावतात आणि विषय संपतो. मीही म्हणालो, "अरे, जाळी लाव." हा कमरेवर हात ठेवून त्या उघड्या मांडवाकडे बघत होता.

"जाळी लावणं म्हणजे सरेंडर झालं, दादा. आता हे पर्सनल आहे."

"मग काय करणार?"

"शिकार."

ज्याला शिकार करायची आहे तो दुकानात जाऊन बंदूक घेतो. आमच्यासारख्या व्हिसावाल्यांना त्यात बऱ्याच भानगडी असतात हे खरं, पण त्यातून मार्ग निघतात. यानं वेगळाच मार्ग काढला. जुन्या काळची, तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, चकमकीच्या ठिणगीनं उडणारी बंदूक कायद्याच्या लेखी पुराणवस्तू ठरते, असं त्याला कळलं. शिवाय नाताळानंतर चार दिवस इथं फक्त ठासणीच्या बंदुकांचा मोसम असतो. तीही तयार मिळते. ते मी त्याला इंटरनेटवर दाखवलं. त्यानं एखाद्या आजाऱ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "विकतच्या बंदुकीनं मारायचं तर विकतचं मटण काय वाईट आहे?" तो म्हणाला. या बोलण्यात कुठंतरी खोट आहे, हे मला तेव्हाही जाणवलं होतं. ती नेमकी कुठं आहे, ते मला आजही सापडलेलं नाही.

मग ती फळी आली. ओहायोतल्या अर्ध्या लाकूड-वखारी आम्ही पालथ्या घातल्या. आम्ही म्हणजे गाडी मी चालवायची आणि यानं प्रत्येक फळीवर टकटक करून कान लावायचा. शेवटी एका वखारीत तो थांबला, हात फिरवला आणि म्हणाला, "हे बोलून राहिलं, दादा." माझ्या कानाला काही ऐकू आलं नाही. लाकडाला थंडी-ऊब सारखी बदलती चालत नाही, गॅरेजचं दार उघडझाप करता कामा नये, म्हणून माझी गाडी बाहेर. मी बायकोकडे तक्रार केली, तर ती म्हणाली, "तुझी गाडी काय, रंगवलेली आहे, तिला काय होतंय." माहेरचा जावई पडला ना! मी त्या घरचा कोण, हे विचारायची सोय नव्हती. आमची लेक तेव्हा बारा वर्षांची, तीही म्हणाली, "बाबा, काका इज बिल्डिंग अ गन फ्रॉम स्क्रॅच. यू कान्ट इव्हन फिक्स द टोस्टर." इथं वाढलेली मुलं फार स्पष्ट बोलतात.

लोखंडाची नळी आणि चकमकीच्या खटक्याचे ओबडधोबड ओतीव तुकडे त्यानं मागवले; बाकी सगळं हातानं. ते तुकडे कानशीनं घासायलाच पहिला हिवाळा गेला. माझ्या गॅरेजातून अशी करकर येई की शेजारच्या बाईंनी आमच्याकडे कुणी आजारी आहे का म्हणून चौकशी केली. दुसऱ्या हिवाळ्यात नळी लाकडात बसवायला घेतली. याची रीत अशी की, नळीला काजळी फासायची, लाकडात दाबायची आणि उचलायची. जिथं काळं उमटलं तिथं लाकूड उंच आहे, तेवढंच पटाशीनं खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. असं शेवटी नळी आणि लाकूड यांच्यात केस शिरणार नाही इथपर्यंत. इथले लोक त्यासाठी मेणबत्तीचा किंवा रॉकेलचा धूर धरतात. पण आमची मेहुणी त्या वर्षी बाळंतीण होती आणि मुलीसाठी आपल्या पद्धतीनं तुपाच्या दिव्यावर तांब्याचं ताम्हन पालथं घालून काजळ पाडत होती. यानं एकदा ते बोटावर घेऊन बघितलं आणि झालं! तुपावरचं काजळ रॉकेलपेक्षा बारीक असतं, असा शोध लागला. घरात पडेल तेवढं काजळ बंदुकीला जाऊ लागलं. एकदा मेहुणी माझ्यासमोर कडाडली, "अरे, पोरीला तीट लावायला उरत नाही काही! दृष्ट कोणाला लागून राहिली आहे, तुझ्या बंदुकीला का?" हा गंभीरपणे म्हणाला, "लागू शकते ना. इतकी छान दिसून राहिली आहे."

त्या काजळानं माझ्या घराची काय दशा केली, ते मी कुठल्या तोंडानं सांगू? दारांच्या मुठी काळ्या, फ्रिज काळा, पांढरा टॉवेल तर घरात उरलाच नाही. एकदा मी गॅरेजातून परस्पर ऑफिसला गेलो, एका मोठ्या मीटिंगमध्ये अर्धा तास बोललो आणि समोरचे सगळे माझ्याकडे विलक्षण आदरानं बघत होते. मीटिंग संपल्यावर माझ्या मॅनेजरनं अगदी अदबीनं विचारलं, "आज तुमचा काही सण आहे का?" आरशात बघितलं तर कपाळाच्या मधोमध अंगठ्याएवढा काळा टिळा. घाम पुसताना लागलेला. मी त्या माणसाला काय सांगणार होतो? म्हणालो, हो, सण आहे.

आणि गंज! हे तर मी या जन्मात विसरणार नाही. नळी चकाकती ठेवायची नसते म्हणे, हरणाला दिसते. तिच्यावर गंज चढवायचा, तो घासायचा, पुन्हा चढवायचा, असं करत करत ती तपकिरी होते. गंजाला दमट हवा लागते आणि ओहायोच्या हिवाळ्यात दमट हवा एकाच ठिकाणी असते, माझ्या बाथरूममध्ये. तिथं पडद्याच्या दांडीला ती नळी दोऱ्यांनी टांगलेली असे आणि खाली गरम पाण्याचा नळ सोडलेला. माझी गाडी बाहेर बर्फात, रस्त्यावरच्या मिठात उभी राहून सडत होती, तिच्यावरचा गंज काढायला मी महिन्याआड कुणाच्या तरी पाया पडत होतो. आणि आत माझ्याच घरात, माझ्याच गरम पाण्यावर एक माणूस लोखंडाला मायेनं गंज चढवत होता. मी दार वाजवून म्हणालो, "मला अंघोळ करायची आहे." आतून आवाज आला, "दादा, पाच मिनिटं. रंग येऊन राहिला." मी तसाच ऑफिसला गेलो.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात बंदूक पुरी झाली. खरं सांगतो, मेपलच्या अंगावर पाण्यावर ऊन हलावं तसे पट्टे होते आणि लाकूड कुठं संपतं नि लोखंड कुठं सुरू होतं ते डोळ्याला कळत नव्हतं. दस्त्याच्या खाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्यानं पोपटाची एक शेंग कोरली होती. गावाबाहेर एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं त्याला आपल्या रानात शिकारीची परवानगी दिली होती. तिथल्या मातीच्या बांधावर त्यानं बार काढून बघितले. सगळे नीट उडाले. तो म्हणाला, "तुम्ही पण मारा ना एक." मी हात मागे घेतले. त्या वस्तूला हातसुद्धा लावायचा नाही, असं मी पहिल्या हिवाळ्यातच ठरवलं होतं आणि माझाही काही स्वाभिमान आहे.

त्याच उन्हाळ्यात त्याच्या कंपनीनं माणसं कमी केली. तो त्यात नव्हता, पण ग्रीन कार्डाचे कागद मात्र गुंडाळले गेले. सहा वर्षांची मुदत संपत आलेली. थोडी मुदतवाढ मिळाली, तीही जानेवारीपर्यंत. म्हणजे शिकारीचा एकच मोसम हाती उरला. मला वाटलं, आता हा बंदुकीचा नाद सोडेल, नोकऱ्या शोधेल. त्यानं अर्ज केले, पण ओठ मिटून, कर्तव्य म्हणून. एकदा गॅरेजात दस्त्याला तेल चोळता चोळता म्हणाला, "दादा, सहा वर्षं इथं कोड लिहिला. पुढच्या व्हर्जनमध्ये सगळा पुसला गेला, माझं एक वाक्य शिल्लक नाही. ही एक गोष्ट तरी शेवटपर्यंत न्यायची आहे. एक हरीण, बस. मग जातो." त्या दिवशी मी पहिल्यांदा गाडीबद्दल काही बोललो नाही.

सासूबाई तेव्हा नागपुराहून सहा महिन्यांसाठी आलेल्या होत्या. खंडेनवमीला शस्त्रांची, हत्यारांची पूजा, आणि याच्यासारखा हत्यारवेडा जावई दुसरा कुठं मिळणार! त्यानं पटाश्या, कानशी, पाटा-वरवंटा, लॅपटॉप, सगळं माझ्या दिवाणखान्यात चादरीवर मांडलं आणि मध्ये ती बंदूक, पुसून, तेल लावून. सासूबाईंनी हळद-कुंकू कालवून एकेकाला बोट लावलं, अक्षता टाकल्या, बंदुकीजवळ जरा जास्तच वेळ बसल्या. "पूजेचं कुंकू पुसायचं नसते बरं, जावईबापू," असं बजावलं. यानं नाही पुसलं. ज्यानं लाकडाच्या एका केसासाठी एक हिवाळा घालवला, त्यानं सासूचं कुंकू जसंच्या तसं ठेवलं आणि बंदूक भिंतीला टांगली.

मोसमाचे पहिले तीन दिवस बर्फाच्या वादळात आणि सामान बांधण्यात गेले. चौथ्या दिवशी आम्ही दोघं त्या रानात होतो. मला यायचं काहीच कारण नव्हतं. मी अंडंसुद्धा नावं बदलून खाणारा माणूस आहे. पण त्याला एकट्याला सोडवेना. घरी माझा फ्रीझर त्यानं आधीच रिकामा करून ठेवला होता, बायकोचे मोदक शेजाऱ्यांकडे गेले होते आणि पाट्यावर सावजी मसाला वाटून तयार होता. नारिंगी जाकिटं घालून आम्ही एका ओंडक्यामागे बसलो. माझे पाय गोठले, आल्याचा चहाही गार झाला. आणि नुकतंच उजाडत असताना एक हरिणी खरोखरच समोर आली. परसदारापासून आमचा मांडव होता तितकीच लांब. त्यानं खांद्याला बंदूक लावली. मी श्वास धरला. माझ्या मनात त्या क्षणी एकच विचार होता, आणि मला त्याचं आजही आश्चर्य वाटतं: लागू दे रे, याला लागू दे.

चाप ओढला. चकमक पडली, ठिणग्या उडाल्या, बाहेरच्या वाटीतली दारू भुस्सकन पेटली, धूर झाला आणि बाकी काहीच झालं नाही. हरिणीनं मान वर केली, आमच्याकडे बघितलं, बर्फातलं आणखी काहीतरी खाल्लं आणि निघून गेली.

त्यानं हातमोजा काढला. नळीच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं, बंदुकीचा कान म्हणतात त्याला. बाहेरची आग त्यातून आत जाते. त्यानं कोटाची सेफ्टी पिन काढून त्यात घातली आणि बाहेर काढून माझ्यापुढे धरली. टोकाला लाल होतं. तेलात मुरून कडक झालेलं कुंकू. सासूबाईंनी बंदुकीला बोट लावायला सगळी बंदूक सोडून नेमकी तीच जागा निवडली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी त्या रानात ओरडलो. चार हिवाळे माझी गाडी बर्फात! माझी अंघोळ! माझा फ्रीझर! आणि एका बोटभर कुंकवानं? सासूबाईंना आज सांगितल्याशिवाय राहणार नाही, जन्मात कुणी त्यांना सांगितलं नसेल असं सांगीन, असं मी ओरडत होतो. त्यानं पिन बर्फात पुसून कोटाला परत लावली. मग म्हणाला, "दादा, आईंचं काय चुकलं? कान तपासायचं काम माझं होतं. आणि यार, तुम्ही इतके ओरडाल तर दुसरं येईल कसं?"

दुसरं आलं नाही. आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. अंधार पडायच्या आत भरलेली बंदूक रिकामी करायची असते. बांधाजवळ गेल्यावर त्यानं ती माझ्या हातात दिली. या वेळी मी हात मागे घेतले नाहीत. चाप ओढला आणि असा आवाज झाला की छातीत घुमला, पांढरा धूर माझ्या डोक्यावरून गेला, आणि मी, पन्नाशीला आलेला माणूस, मोठ्यानं हसलो. तोही हसला. मग त्यानं डोळे पुसले. धुरानं, असं म्हणाला.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "काहून जी, नाही भेटलं का हरीण?" मी तोंड उघडलं. सकाळपासून जुळवलेली वाक्यं जिभेवर होती. तेवढ्यात आमचा साडू बूट काढता काढता अगदी सहज म्हणाला, "नाही ना, आई. दिवसभर बसलो. आलंच नाही एकही." ज्यानं आयुष्यात एक खिळा वापरला नाही, त्या माणसानं सोपा रस्ता धरलेला मी त्या एकाच वेळी पाहिला. सासूबाई हळहळल्या. "मी इतकी मनापासून पूजा केली होती," म्हणाल्या. तो म्हणाला, "म्हणूनच बंदूक एवढी मस्त उडाली ना. दादांना विचारा." आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, हो, मस्त उडाली. त्यात खोटं काहीच नव्हतं. रात्री वाटलेला मसाला वांग्यात घातला आणि सगळे तेच जेवलो.

आठवडाभरानं ते गेले. बंदूक नेता येणार नव्हती. ती माझ्या गॅरेजच्या भिंतीवर आहे. तो नागपुरात हल्ली स्वतःच्या हातानं काय करतो आहे, हे मी विचारत नाही, मला माझी शांती प्यारी आहे. फोनवर तो विचारतो, "दादा, तेल लावता ना?" मी म्हणतो, मला दुसरे उद्योग नाहीत का? गॅरेज आता रिकामं आहे, गाडी सहज आत मावेल. पण दार सारखं उघडझाप केलं तर लाकडाला सोसायचं नाही, म्हणून मी ती बाहेरच ठेवतो आणि सकाळी बर्फ खरवडत त्याला शिव्या देतो. या खंडेनवमीला बायको म्हणाली, निदान एक बोट तरी लाव. मी बंदूक खाली काढली, चादरीवर ठेवली, हळद-कुंकू कालवलं. पण त्याआधी एक टूथपिक घेऊन त्या कानात नीट खोचून ठेवली. न जाणो, पुढच्या मोसमाला आला तर.